तडकलेला टर्बो मॅनिफोल्ड बदलताना

थंड इंजिन टकटक करतं आणि तापल्यावर गप्प होतं? मॅनिफोल्ड बघा, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून टर्बोकडे (त्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याकडे) नेणारा धातूचा भाग. माझ्या गाडीत दोन नंबरच्या पोर्टखाली (धूर बाहेर पडतो त्या तोंडाखाली) काजळीची रेघ होती.

नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. मी घाईत पाना ओढला नि स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) हेडातच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातच तुटला; अख्खा रविवार त्यात गेला. अडलेला नट आधी किंचित आवळा, मग सोडा. टर्बोला तेल देणारी ऑइल लाइन सुटली की तोंडाला टेप लावा. चिंधी नको, धागे आत जातात.

हेडचा फेस (मॅनिफोल्ड बसतो ती बाजू) सपाट आहे का ते स्टीलपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासा. गॅस्केट (सांध्यातलं सील) नवंच. नट मधून बाहेरच्या दिशेने, ३ टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळा. सुरू करण्याआधी टर्बोच्या ऑइल लाइनच्या तोंडात तेल ओता. इंजिन एकदा तापून पूर्ण गार झालं की पुन्हा टॉर्क बघा.