लेकराला पहिल्यांदा थेटरात नेताय? या चुका टाळा

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर गेला की दुपारी पोरांना घेऊन जायचं कुठं हा मोठाच प्रश्न, मग घरातलं कुणीतरी म्हणतं चला पिक्चरला, तीन तास एसीत बसून येऊ. आणि पहिली चूक इथंच होते, कारण दोन-अडीचचा शो म्हणजे तीन-चार वर्षांच्या पोराची नेमकी झोपायची वेळ. झोप मोडलेलं लेकरू कितीही भारी कार्टून असू द्या, अर्ध्या तासात किरकिर चालू करतंय. सकाळचा पहिला शो घ्या, पोट भरलेलं असतं, झोप झालेली असते, गर्दी कमी असते आणि पोरगं मोठ्यानं "पप्पा, तो कुठं गेला?" म्हणालं तरी मागून कोण च्च च्च करत नाही.

दुसरी चूक, पिक्चर आपल्या आवडीचा निवडायचा आणि म्हणायचं पोरासाठी चाललोय. सेन्सॉरचं यूए सर्टिफिकेट म्हणजे आईबाप सोबत असले की काहीही चालतं असं बऱ्याच जणांना वाटतं. २०२४ च्या नियमांपासून यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, बुकिंग करताना तेवढं बघत जावा. १६+ ला पाच वर्षांचं पोरगं नेऊन मग डोळ्यावर हात ठेवत बसण्यात काय अर्थ आहे, आवाज तर येतोयच की. आणि ए सर्टिफिकेट असेल तर १८ च्या खालच्याला आत सोडताच येत नाही, आईबाप सोबत असले तरी, त्यामुळं गेटवरच्या माणसाशी भांडू नका. आपल्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात मोठ्या हिरोचा तेलुगू पिक्चर लागला की अख्खं घर निघतं, मजाच असते ती, पण पहिल्या दिवशीच्या शिट्ट्या नि आरडाओरडा लहान लेकराला झेपत नाही. चार दिवस थांबा.

आवाजाचं कुणी मनावरच घेत नाही. पोरगं कानावर हात ठेवतंय म्हणजे त्याला खरंच त्रास होतोय, नाटकं नाहीत ती. कानात कापूस घालून फारसा फरक पडत नाही, लहान मुलांचे कान झाकायचे हेडफोनसारखे इअरमफ मिळतात ते घ्या, आणि पुढच्या रांगा नि भिंतीकडच्या स्पीकरजवळच्या सीट सोडा. कडेची, वाटेजवळची सीट बेस्ट. लहान पोराच्या वजनानं घडीची सीट खाली राहत नाही, पोरगं मधेच दुमडतं नि भोकाड पसरतं, म्हणून सीटच्या कडेवर आपला हात ठेवायचा किंवा सरळ मांडीवर घ्यायचं.

बाहेर भट्टी आणि आत गारठा असतो, तर एक पातळ चादर पिशवीत टाका. (सोलापुरात राहून चादर नाही म्हणू नका.) शो सुटल्यावर उन्हात तापलेल्या गाडीच्या सीटवर टाकायला तीच उपयोगी पडते, हाफ चड्डीतल्या पोराच्या मांड्या भाजतात हो.

खाण्याचं मात्र नीट वाचा. चार वर्षांखालच्या मुलाला पॉपकॉर्न देऊ नका, अख्खे शेंगदाणे पण नकोत, श्वासनलिकेत अडकतात, आणि अंधारात ठसका लागला तर आपल्याला दिसत पण नाही. बाहेरचं खाणं थेटरवाले अडवू शकतात हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये मान्य केलंय, पण तान्ह्या बाळाचं खाणं आणता येतं आणि प्यायचं पाणी थेटरनं फुकट द्यायचं हेही त्यात आहे. दुधाची बाटली अडवली तर हे शांतपणे सांगा.

वेळेवर पोचायचं, पण लेकरू भित्रं असेल तर आत जायला दहा मिनिटं उशीर केलेला चालतो. कारण सुरुवातीला दुसऱ्या पिक्चरचे दणदणीत ट्रेलर असतात आणि ती तंबाखूविरोधी जाहिरात, बरीच पोरं पिक्चरला नाही तर त्या जाहिरातीलाच घाबरून रडतात. शूचं म्हणाल तर इंटरव्हल व्हायच्या पाच मिनिटं आधीच न्या, नंतर लाईन असते.

आता एवढं करूनही रडलंच तर? मोबाईल हातात देऊ नका, मागच्या चार रांगांच्या डोळ्यात उजेड जातो. "त्यात काय घाबरायचं" असंही म्हणू नका, उचला आणि बाहेर लॉबीत आणा, पाणी पाजा, पुन्हा जायचं का विचारा. हो म्हणालं तर लगेच सीटवर नाही, दाराजवळ दोन मिनिटं उभं राहून बघू द्या, बरीच पोरं तिथंच शांत होतात. नाही म्हणालं तर घरी. तिकिटाचे पैसे वसूल करायला बसवून ठेवलं तर पुढच्या वेळी ते थेटरच्या पायरीवरच रडायला लागतंय. अशा लेकराला आधी हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात एखादं बालनाट्य लागलं तर दाखवा, समोर खरी माणसं असतात, आवाज पण बेताचा. आणि तुमचा राहिलेला पिक्चर, तो येतोय की ओटीटीवर.