मोठा जुना फोन की लहान नवा: वावरात ताडून कसा पाहायचा

दुकानाच्या काउंटरवर दोन फोन शेजारी ठेवून केलेली तुलना गावात फारशी कामाची नाही. तिथे टावर फुल्ल असतो, डोक्यावर पंखा असतो आणि चार्जिंगची पिन हाताशी असते. कास्तकाराचा फोन दुपारी बाराच्या उन्हात धुऱ्यावर उघडला जातो, रात्रीच्या लाईनवर मोटर सुरू करायला टॉर्च म्हणून चालतो आणि एकच काडी दाखवणाऱ्या वावरात दिवसभर खिशात राहतो. तुलना करायची तर तिथेच. जुना फोन देऊन टाकण्याआधी, आणि नवा परत करायची मुदत संपायच्या आत.

आकडे समोर असलेले बरे, म्हणून उदाहरणाला दोन फोन घेऊ. जुना रेडमी नोट ९ प्रो मॅक्स, २०२० चा: ६.६७ इंच स्क्रीन, २०९ ग्रॅम वजन, ५०२० एमएएच (बॅटरीत किती मावते त्याचे माप) बॅटरी. नवा सॅमसंग गॅलेक्सी एस२३, २०२३ चा, सेकंड हॅण्ड घेतलेला: ६.१ इंच, १६८ ग्रॅम, ३९०० एमएएच. तुमची जोडी वेगळी असेल तरी पद्धत हीच.

इंचावर जाऊ नका, फूटपट्टी लावा

६.६७ आणि ६.१ हे माप तिरके, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे असते. त्यावरून नेमके काय कमी झाले ते कळत नाही. सरळ मोजले तर जुन्याची स्क्रीन साधारण ६९.५ मिलिमीटर रुंद आणि १५४ मिलिमीटर उंच भरते, नव्याची ६५ आणि १४१. म्हणजे रुंदीत साडेचार मिलिमीटरच कमी, उंचीत मात्र १३-१४. अक्षर थोडेसेच बारीक होते, पण व्हॉट्सॲपवर एका वेळी दिसणाऱ्या ओळी दोन-तीनने कमी होतात.

दोन्ही फोनवर एकाच सातबाऱ्याची पीडीएफ उघडा आणि पान स्क्रीनच्या रुंदीला बसवा. हेक्टर-आरच्या रकान्यातला दशांश टिंब दिसतो का, ‘पोटखराब’मधला ‘ट’ हा ‘ठ’पेक्षा वेगळा कळतो का, मालकाच्या नावावरचा रफार आणि अनुस्वार सुटा दिसतो का, एवढेच पाहा. जुन्या फोनवरही दोन बोटांनी मोठे करूनच वाचावे लागत असेल, तर या बाबतीत नव्याने काही हिरावून घेतलेले नाही. जुन्यावर सहज वाचता येत होते आणि नव्यावर डोळे बारीक करावे लागतात, असे असेल तर सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली ‘फॉन्ट साइज’ एक घर वाढवा. ‘स्क्रीन झूम’ ही वेगळी सोय आहे, तिने अक्षरांसोबत बटणेही मोठी होतात. दोन्ही एकदम टोकाला नेऊ नका. लहान स्क्रीनवर मग काही बँकांच्या ॲपमधले ‘पुढे’चे बटण पडद्याच्या खाली जाते आणि सापडतच नाही. घरात चष्म्याशिवाय फोन पाहणारे आई-वडील असतील तर ही चाचणी त्यांच्याच हातून करून घ्या.

टाइप करताना फरक जास्त जाणवतो. एका ओळीत दहा कळा धरल्या तर जुन्यावर एक कळ सुमारे ७ मिलिमीटरची होती, नव्यावर साडेसहाची. निंदण, वेचणी करून राठ झालेल्या अंगठ्याला हा अर्धा मिलिमीटर कळतो. जीबोर्डच्या (गुगलच्या कीबोर्डच्या) ‘प्रेफरन्सेस’मध्ये कीबोर्डची उंची वाढवता येते. रुंदी वाढत नाही, पण कळ उंच झाल्याने चुकीचे अक्षर दाबले जाणे बरेच कमी होते. मराठीत बोलून टाइप करण्याचा माइकही जीबोर्डच्याच सेटिंगमध्ये सुरू करून ठेवा.

आता फायद्याची बाजू. जुना फोन ७६.७ मिलिमीटर रुंद, नवा ७०.९. एका हातात फोन धरून त्याच हाताचा अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन पाहा, पण कव्हर घालून. जाड रबरी कव्हर रुंदीत तीन-चार मिलिमीटर सहज वाढवते आणि लहान फोन घेतल्याचे निम्मे सुख तिथेच संपते. सदऱ्याच्या खिशात घालून वाकूनही पाहा. लांब फोन खिशाबाहेर डोकावतो आणि वाकले की घसरून पाटात पडतो. लहान फोन आत पूर्ण बसत असेल तर ओलिताच्या दिवसांत ही मोठीच सोय आहे.

बॅटरी: छापील आकडा आणि खरा आकडा

५०२० पाहून ३९०० वर यायला मन तयार होत नाही. पण ५०२० हा आकडा फोन नवा असतानाचा आहे. लिथियम बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज चार्ज होणाऱ्या चार-पाच वर्षांच्या फोनमध्ये आज ४००० एमएएच उरले असतील तर बरे म्हणायचे. हाच हिशेब सेकंड हॅण्ड नव्यालाही लागतो. तो दोन वर्षे वापरलेला असेल तर त्याचेही ३९०० पुरते ३९०० नाहीत. ॲक्यूबॅटरीसारखे बॅटरी मोजणारे ॲप टाकून आठवडाभर चार्ज केले की दोन्ही बॅटऱ्यांच्या उरलेल्या क्षमतेचा बरा अंदाज मिळतो.

मग ही चाचणी करा. दोन्ही फोन १०० टक्के चार्ज करा, फ्लाइट मोडवर टाका, डोळ्यांना सारखा दिसेल एवढा उजेड ठेवा (ऑटो ब्राइटनेस बंद) आणि आधीच डाउनलोड केलेला एकच व्हिडिओ दोन तास चालवा. तासाभरात टक्के फार थोडे उतरतात आणि चूक मोठी दिसते, म्हणून दोन तास. समजा जुना १६ टक्के उतरला आणि नवा १२. जुन्याची खरी क्षमता ४००० धरली तर ६४० एमएएच गेले, नव्याची ३९०० धरली तर ४६८. स्क्रीन लहान आणि प्रोसेसर नव्या धाटणीचा असल्याने खर्च कमी होतो, तो असा.

इथवर लहान फोनची बाजू वरचढ दिसते. शहरातले परीक्षण इथेच थांबते, आणि गावात फसगत होते ती इथूनच. टावर दूर असला की फोनला जोर लावून बोलावे लागते. जवळच्या टावरशी तो अगदी थोड्या ताकदीने बोलतो, दूरच्या टावरसाठी कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे २३ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचे एकक) किंवा सुमारे २०० मिलिवॅटपर्यंत जातो. शिवाय सिग्नल तुटला की पुन्हा पुन्हा टावर शोधत राहतो. हा खर्च स्क्रीन लहान असल्याने कमी होत नाही. मोठ्या बॅटरीतून गेलेले तेवढेच एमएएच लहान बॅटरीत जास्त टक्के दिसतात. म्हणून दुसरी चाचणी रात्रीची. तेच सिम आधी एका फोनमध्ये, दुसऱ्या रात्री दुसऱ्या फोनमध्ये घाला, डेटा सुरू ठेवा आणि वावरातल्या खोलीत किंवा घरातल्या सगळ्यात कमी रेंजच्या जागी रात्री दहा ते पहाटे पाच फोन तसाच पडू द्या. सात तासांत पाच टक्क्यांच्या आत उतरला तर उत्तम. दहाच्या वर उतरला तर आधी ५जी बंद करा.

५जीचे हे आवर्जून करा. गावात ५जी काठावर येत-जात असेल तर फोन दिवसभर ४जी-५जीमध्ये उड्या मारतो आणि बॅटरी खातो. कनेक्शन्समध्ये मोबाईल नेटवर्क, त्यात नेटवर्क मोड ‘एलटीई’वर, म्हणजे ४जीवर ठेवा. व्होल्टी (४जीवरून कॉल करायची सोय) सुरू आहे ना तेही त्याच जागी पाहा. जिओला २जी-३जी नाहीच, व्होल्टी बंद असेल तर फोन लागणार नाही.

काड्या मोजू नका, डीबीएम पाहा

किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. एका फोनवर तीन आणि दुसऱ्यावर दोन काड्या, यावरून काहीच ठरत नाही. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, मग ‘स्टेटस’, त्यात ‘सिम कार्ड स्टेटस’ उघडा. ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’समोर उणे चिन्हाचा आकडा दिसतो. ४जीवर उणे ८५ च्या आसपास चांगला, उणे १०० चालण्यासारखा, उणे ११० नंतर बोलणे तुटायला लागते आणि उणे १२० ला आशा सोडा. उणे चिन्ह सोडून आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला.

तेच सिम, तीच जागा, तीच उंची. फोन हातात धरून मिनिटभरात पाच आकडे लिहा, मधला घ्या, मग सिम बदलून दुसऱ्या फोनवर तेच करा. दोन-तीन डीबीएमचा फरक सोडून द्या, एवढे तर वाऱ्याने पऱ्हाटी हलली तरी होते. पाच-सहाचा फरक दर वेळी एकाच बाजूला येत असेल तर तो खरा. तीन डीबी म्हणजे ताकद निम्मी, सहा म्हणजे पाव. लहान फोनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते: तो तळहातात पूर्ण झाकला जातो आणि कडेच्या अँटेना हाताखाली येतात. घट्ट धरून एकदा आणि दोन बोटांनी कडा मोकळ्या सोडून एकदा, असा आकडा घ्या. फरक मोठा दिसला तर बोलताना पकड बदला, आणि धातूची पट्टी असलेले कव्हर वापरू नका.

परदेशातून आलेला लहान फोन स्वस्तात मिळत असेल तर आधी बँड, म्हणजे तो फ्रिक्वेन्सीचे कोणते पट्टे पकडतो ते तपासा. लांब पोचणाऱ्या कमी फ्रिक्वेन्सी गावात जीव की प्राण आहेत: जिओचा ८५० मेगाहर्ट्झ म्हणजे बँड ५, व्होडाफोन-आयडियाचा ९०० म्हणजे बँड ८, बीएसएनएलच्या ४जीचा ७०० म्हणजे बँड २८. जिओसाठी बँड ४० सुद्धा हवा. यातला तुमच्या सिमचा बँड नसेल तर तो फोन कितीही गोंडस असो, घेऊ नका.

ऊन आणि ओले हात

उन्हात मात्र नवा फोन स्पष्ट जिंकतो. जुन्याच्या एलसीडी स्क्रीनचा उजेड ४५० निट्सच्या (उजेडाचे एकक) घरात, एस२३ चा कमाल १७५० पर्यंत. पण तो कमाल उजेड ऑटो ब्राइटनेस सुरू असेल तरच मिळतो. पट्टी हाताने टोकाला ओढली तरी फोन तिथवर जात नाही, आणि अनेक जण ऑटो बंद ठेवून ‘उन्हात दिसत नाही’ म्हणतात. दुसरी अडचण तापण्याची. कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात, आणि आपल्याकडे अकोला, चंद्रपूर, नागपूर मे महिन्यात ४५ ओलांडतात. तापलेला फोन उजेड आपोआप कमी करतो, चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. फोन बिघडला असे समजू नका. सावलीत, कव्हर काढून ठेवा. फ्रीजमध्ये किंवा ओल्या फडक्यात गुंडाळू नका, आत दव धरते.

बोटाचा ठसा वेगळा तपासा. जुन्यात तो बाजूच्या बटणावर होता, नव्यात स्क्रीनच्या आत. स्क्रीनमधल्या ठशाला जाड टेम्पर्ड काच चालत नाही, आणि साधी काच लावल्यावर ‘सेन्सर खराब आहे’ अशी तक्रार होते. आधी काच किंवा फिल्म लावा, नंतर ठसा नोंदवा. कापूस वेचून बोटे चिरलेली असतील तर एकच अंगठा दोनदा नोंदवा: एकदा सकाळी हात धुऊन, एकदा काम करून आल्यावर.

आयपी६८ (पाणी आणि धुळीपासून बचावाचा दर्जा) लिहिलेले आहे म्हणून फवारणीला फोन खिशात ठेवू नका. ती चाचणी गोड्या पाण्यात झालेली असते, औषधाच्या द्रावणात नाही. सेकंड हॅण्ड फोन एकदा उघडलेला असेल तर त्या खात्रीला काही अर्थ उरत नाही.

काय सुटते

३.५ मिलिमीटरची हेडफोनची पिन, मेमरी कार्डची जागा, टीव्ही-कूलरचा रिमोट होणारा इन्फ्रारेड दिवा: हे तिन्ही जुन्यात आहेत, नव्यात नाहीत. कार्डातले लग्नाचे फोटो आधी काढून घ्या. जुना ३३ वॅटचा चार्जर नव्याला चालतो, पण चार्जिंग पूर्ण वेगाने होत नाही. २५ वॅटसाठी ‘पीडी’ आणि ‘पीपीएस’ (जलद चार्जिंगच्या पद्धती) लिहिलेला चार्जर आणि दोन्हीकडे सी टोक असलेली केबल लागते. लाईन चार-सहा तासच येत असेल तर हा खर्च टाळू नका, लहान बॅटरीला पटकन भरणे हाच आधार आहे.

फोन बदलताना

सेकंड हॅण्ड असेल तर पैसे देण्याआधी *#०६# डायल करून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) घ्या आणि केवायएम, मोकळी जागा, मग तो १५ आकडी नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. (केवायएम ही अक्षरे इंग्रजीत.) चोरीचा, ब्लॉक केलेला फोन असेल तर तिथेच कळते. सॅमसंगवर *#०*# डायल केले की स्क्रीन तपासायचा मेनू येतो. लाल, हिरवा, निळा रंग पूर्ण पडद्यावर लावून रेघ किंवा डाग पाहा.

गावात नेट मंद असेल तर ड्राइव्हवरून बॅकअप ओढत बसू नका. सॅमसंगचे स्मार्ट स्विच ॲप आणि सी-टू-सी केबलने फोटो, नंबर, मेसेज थेट येतात. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, चॅट्स, ‘ट्रान्सफर चॅट्स’ निवडा आणि क्यूआर स्कॅन करा. दोन्ही फोनवर वायफाय व लोकेशन सुरू हवे. सगळे आल्याचे तपासूनच जुन्यातले काढा.

यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना त्याच सिमवरून एसएमएस जातो, म्हणून रिचार्ज संपलेला नसावा. सुरू केल्यावर पहिले २४ तास सहसा ५००० रुपयांच्या वर पाठवता येत नाही. बी-बियाणे, खत घ्यायच्या दिवशी किंवा बाजार समितीत जायच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका.

जुना फोन दुसऱ्याला द्यायचा असेल तर गुगल खाते आणि शाओमी असल्यास मी खाते, दोन्हींतून सेटिंगमध्ये जाऊन बाहेर पडा आणि मगच रिसेट मारा. खाते तसेच ठेवून रिसेट मारले तर नव्या मालकाला फोन तुमचाच पासवर्ड मागतो आणि त्याशिवाय उघडत नाही. मागचे झाकण फुगून वर आले असेल तर तो फोन मुलांच्या हातात देऊ नका, चार्जिंगलाही लावू नका. बॅटरी बदलून घ्या, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.