किनारी छाप्यामागचा गुप्तवार्तेचा हेतू कसा तपासावा

आमच्या धरमपेठेतील रविवारच्या अभ्यासगटात दुसऱ्या महायुद्धातील एखादा किनारी छापा वाचायला घेतला, की वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून डावीकडे जाहीर उद्दिष्टे लिहावीत आणि उजवीकडे एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे, अशी पद्धत आम्ही ठेवली आहे: छापा घालणाऱ्यांना तिथून परत काय आणायचे होते?

सुरुवात नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपासून करावी. ४ मार्च १९४१ रोजी ब्रिटिश कमांडोंनी तेथील माशांच्या तेलाचे कारखाने जाळले. मात्र त्याच दिवशी ‘क्रेब्स’ या सशस्त्र जर्मन ट्रॉलरवरून एनिग्मा या जर्मन संकेतयंत्राची जादा चक्रे आणि फेब्रुवारीच्या मांडणीचे तक्ते ब्रिटिश नौदलाच्या हाती लागले. जळत्या तेलाचा धूर इतका ठळक होता, की छाप्याचे दुसरे कारण शोधण्याची गरज कोणाला सहज वाटू नये.

त्यानंतर छाप्याची तारीख गुप्तवार्तेच्या टंचाईशी ताडून पाहावी. १ फेब्रुवारी १९४२ पासून अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्या चार चक्रांचे एनिग्मा वापरू लागल्या आणि ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्राला त्यांचे संदेश डिसेंबरपर्यंत वाचता येईनासे झाले. १९ ऑगस्टचा फ्रान्समधील दिएपचा छापा नेमका याच अंधाऱ्या काळात येतो.

मग छाप्यात सोबत कोण होते, हे बारकाईने पाहावे, कारण माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा इथेच सापडतो. दिएपच्या वेळी ब्रिटिश नौदल गुप्तवार्ता विभागाचे इयान फ्लेमिंग ‘फर्नी’ या विनाशिकेवर होते. रडारतज्ज्ञ जॅक निसेनथॉल दिएपलगतच्या पूरविलजवळील ‘फ्रेया’ या जर्मन रडारच्या केंद्रापर्यंत गेला. आत शिरता आले नाही, तरी त्याने केंद्राच्या टेलिफोनच्या तारा तोडल्या, त्यामुळे जर्मनांना बिनतारी संदेश पाठवावे लागले आणि ते इंग्लंडमध्ये ऐकता आले.

येथेच हात आवरावा. एनिग्मा मिळवणे हाच दिएपचा मुख्य हेतू होता, ही कॅनडाच्या एका इतिहासकाराची मांडणी सर्वांनी स्वीकारलेली नाही. संकेतसाहित्य मिळवण्याची योजना होती म्हणून संपूर्ण छापा तिच्यासाठीच आखला गेला, असे ठरत नाही. ९०० हून अधिक कॅनेडियन सैनिकांचा जीव घेणाऱ्या घटनेला सोयीचे कारण चिकटवणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. म्हणून उजवीकडच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘दस्तऐवज’, ‘साक्ष’ किंवा ‘अनुमान’ यांपैकी एक शब्द लिहावा, आणि अनुमानाची नोंद दस्तऐवज मिळेपर्यंत पेन्सिलीनेच ठेवावी.