गोल्फचा ड्रायव्हर कानठळ्या बसवतोय?

जुना पातळ फेसचा (म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पुढच्या बाजूचा) टायटॅनियम ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, सेकंडहँड घेतला असेल तर पहिल्याच शॉटला कळतं, पत्र्याच्या डब्यावर हातोडा मारल्यासारखा टण्णकन आवाज येतो आणि सरावाच्या रेंजवर शेजारच्या बे मधला (खणातला) माणूस दचकून वळून बघतो. हसण्यावारी नेऊ नका. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका ५५ वर्षांच्या गोल्फरची केस आली होती, आठवड्यातून ३ वेळा असा ड्रायव्हर वापरून साधारण दीड वर्षात कानात शिट्टी वाजायला लागली आणि ऐकूही कमी यायला लागलं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फोमचे इअरप्लग. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत दाबून धरायचे. कापसाचे बोळे नकोत, त्यांनी काही होत नाही. छप्पर असलेल्या रेंजवर तर प्लग हवेतच, आवाज भिंतीवर आपटून परत येतो ना.

क्लबच कमी वाजायला हवा असेल तर क्लब दुरुस्त करणाऱ्याकडून हेडमध्ये थोडा हॉट मेल्ट ग्लू घालून घ्या, आवाज दबका होतो. पण २ ग्रॅमनेही स्विंगवेट (क्लब फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) साधारण एका पॉइंटने चढतं, म्हणून थोडा थोडाच घालायला सांगा.

आणि आवाज अचानक बदलला असेल तर आधी फेसवर बारीक तडा गेलाय का ते उन्हात धरून बघा, मग ग्लूचं.