शनिवारी भरलेलं पार्किंग

आम्ही कॅनडासाठी अर्ज टाकला तो २००४ साली. तेव्हा भोसरीत ऑर्डरी पुऱ्या करायला दिवस पुरत नव्हता आणि आमची मुलगी जन्मायची होती. स्किल्ड वर्करच्या रांगेत त्या काळी चार-पाच वर्षं सहज जायची. व्हिसा हातात पडला तेव्हा २००८चा डिसेंबर होता, लेहमन ब्रदर्स बुडून तीन महिने झाले होते आणि मुलगी शिशुगटात जायला लागली होती. व्हिसाची मुदत वैद्यकीय तपासणीच्या तारखेला बांधलेली, त्यामुळे 'मंदी ओसरल्यावर निघू' म्हणायची सोय नव्हती.

एक पळवाट होती, आणि ती आम्हाला तेव्हा नीट उमगली नाही. एकदा जाऊन 'लँडिंग', म्हणजे तिथे उतरून रहिवासी म्हणून नोंद, करून परत यायचं, इथली नोकरी चालू ठेवायची आणि सवडीनं मुक्काम हलवायचा. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहिलं की पुरतं. आम्ही मात्र दोघांनी राजीनामे दिले, फ्लॅट भाड्यानं दिला आणि मार्च २००९ मध्ये चार बॅगा घेऊन टोरोंटोला उतरलो. आज कुणी विचारलं तर मी आधी तो ७३०चा हिशेब मांडायला सांगते.

मी मेकॅनिकल इंजिनियर. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नऊ वर्षं क्वालिटीत होते. ओंटारिओ म्हणजे कॅनडाच्या मोटार उद्योगाचं माहेरघर, म्हणून तर हा प्रांत निवडला होता. आणि १ जूनला जनरल मोटर्सनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. ज्या कारखान्यांत मी अर्ज करत होते, तिथले वीस-वीस वर्षं काम केलेले लोक घरी बसले होते. ऑगस्टमध्ये देशाचा बेकारीचा दर ८.७ टक्क्यांवर गेला.

टोरोंटोलगतच्या मिसिसागात एका घराच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. खिडकी जमिनीच्या पातळीला, त्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसायचे. पहिल्या दहा आठवड्यांत मी साधारण दीडशे अर्ज पाठवले. उत्तरं आली दोन, दोन्ही नकाराची. दोष सगळा मंदीचा नव्हता. माझा बायोडेटा चार पानी होता: जन्मतारीख, नवऱ्याचं नाव, दहावीचे टक्के आणि तळाशी 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र. नव्यानं आलेल्यांना मदत करणाऱ्या केंद्रातल्या बाईंनी (ही केंद्रं सरकारी पैशावर चालतात, एक पैसा लागत नाही) लाल पेनानं दोन पानं सरळ उडवली. वय, लग्न, फोटो यांतलं काही लिहायचं नाही. 'डेप्युटी मॅनेजर'ही खोडायला लावलं, कारण मी अर्ज करत होते टेक्निशियनच्या जागेला आणि मॅनेजर बाई टिकणार नाही असं समोरच्याला वाटणार. मला ते फार लागलं. खोटं एक अक्षर लिहू नये, पण सगळं खरं पहिल्याच कागदावर ओतायची गरज नसते, हे पटायला मला महिना लागला.

मे महिन्यात पैसे आटायला लागले. डॉलर चाळीसेक रुपयांचा, त्यामुळे प्रत्येक खर्चाला चाळीसनं गुणायची खोड लागलेली. नवऱ्यानं गॅस स्टेशनवर रात्रीची ड्यूटी धरली. मी एका लेबर एजन्सीत नाव घातलं. त्यांनी नोंदणीचे म्हणून पन्नास डॉलर मागितले, आणि मी दिले. पुढे नोव्हेंबर २००९ पासून ओंटारिओत कामगाराकडून असे पैसे घ्यायला कायद्यानंच बंदी आली. आता कुणी मागितले तर उठून यावं. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली: तुमची पाळी एरवी तीन तासांहून मोठी असेल आणि बोलावून लवकर घरी पाठवलं, तर निदान तीन तासांचा पगार द्यावा लागतो. मला दोनदा तासाभरात परत पाठवलं होतं, आणि मी मुकाट्यानं बस पकडली होती.

काम होतं वेअरहाऊसमध्ये शांपूच्या बाटल्या खोक्यांत भरायचं. किमान वेतन ३१ मार्चलाच तासाला ८.७५ वरून ९.५० डॉलर झालं होतं, तेवढंच मिळायचं. सेफ्टी शूज स्वतःचे. पहिल्या रात्री पाय इतके सुजले की बूट निघेनात. सकाळी बसस्टॉपवर नवरा आणि मी एकमेकांना भेटायचो, तो पोरीचा हात माझ्या हातात द्यायचा आणि झोपायला जायचा. (शेजारच्या पंजाबी काकू रात्री दार उघडं ठेवून झोपत, आमच्या मुलीसाठी. त्यांचे उपकार फेडण्यासारखे नाहीत.)

अशा नोकरीबद्दल आपल्या लोकांत दोन टोकं दिसतात. एक म्हणतात, असली कामं करूच नका, शिक्का बसतो. दुसरे म्हणतात, मिळेल ते करा आणि गप्प बसा. मला दोन्ही पटत नाहीत. शिक्का वगैरे काही बसत नाही, पण अंगातली ताकद आणि दिवसाचे तास मात्र ती नोकरी खाते. ओव्हरटाइम मिळायला लागला की अर्ज करणं आपोआप थांबतं. माझ्या ओळखीतले दोन इंजिनियर त्या ओव्हरटाइमच्या नादात तिथेच राहिले. मी आठवड्याला चारच रात्री घ्यायचं ठरवलं. घरात त्यावरून वाद झाले.

आमच्या ओळीवर चुकीची बाटली चुकीच्या खोक्यात जायचं प्रमाण बरंच होतं. सवयीनं मी एका पुठ्ठ्यावर रेघा ओढायला लागले: कोणत्या तासाला, कोणत्या टेबलावर चूक होते. आठवड्यात दिसलं की पहाटे तीननंतर, दोन सारख्या रंगांची झाकणं शेजारी ठेवली की घोळ होतो. पाळीच्या लीडला, म्हणजे मुकादमाला, दाखवलं. तो जमैकाचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं टेबलं हलवली आणि मला म्हणाला, तू इथे काय करतेस? इथल्या नोकरीसाठी दोन 'रेफरन्स' लागतात, म्हणजे तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेली, फोनवर बोलायला तयार असलेली माणसं. इथेच माझं घोडं पेंड खात होतं. पुण्याच्या साहेबांना रात्री दोन वाजता कोण फोन करणार? त्या लीडनं आपला नंबर लिहून दिला.

दुसरी गोष्ट बसच्या खिडकीतून सुचली. शनिवारी पहाटे कामावरून परत येताना सगळ्या कारखान्यांची पार्किंगं ओस पडलेली असायची. फक्त दोन-तीन ठिकाणी गाड्या खच्चून भरलेल्या. शनिवारी पार्किंग भरलेलं, म्हणजे आत ओव्हरटाइम चालू. मी पाट्या टिपून घेतल्या: एक फ्रोझन पदार्थांचा, एक बेकरीचा, एक औषधांच्या वेष्टनांचा. मोटारवाले झोपले होते, पण लोक पाव खातच होते. आणि मी तीन महिने फक्त मोटारींच्या दारावर डोकं आपटत होते.

सार्वजनिक वाचनालयातून (कार्ड फुकट, संगणक फुकट) अन्नसुरक्षेची पुस्तकं आणली. हॅसेप नावाची पद्धत वाचताना हसूच आलं. मोटारीत आम्ही एफएमईए करायचो: माल बिघडायच्या आधीच कुठे बिघडू शकतो ते शोधायचं, प्रत्येक टप्प्यावर मर्यादा ठरवायची, मोजायचं, लिहून ठेवायचं. इथे मायक्रॉनच्या जागी अंश सेल्सिअस. दोन दिवसांचा कोर्स करून प्रमाणपत्र घेतलं. जुना अनुभव नव्या धंद्याच्या भाषेत लिहून काढला आणि त्या तीन ठिकाणी स्वतः जाऊन रिसेप्शनवर अर्ज दिला. जाहिरात एकाचीही नव्हती.

सप्टेंबरमध्ये फ्रोझनवाल्यांकडून फोन आला. मुलाखतीत अपेक्षित प्रश्न आलाच: कॅनेडियन अनुभव आहे का? २०१३ मध्ये ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगानं असली अट सकृद्दर्शनी भेदभाव ठरते असं स्पष्ट केलं; इंजिनियरच्या परवान्यासाठीची बारा महिन्यांच्या कॅनेडियन अनुभवाची अटही २०२३ मध्ये गेली. तेव्हा मात्र उत्तर द्यावंच लागायचं. मी शांपूच्या पुठ्ठ्याची गोष्ट सांगितली. मुलाखत घेणारी बाई पुढे सरकून बसली आणि झाकणांचे रंग कोणते होते ते विचारायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं लीडला फोन केला.

निघण्याआधीची तयारी सांगायची राहिलीच. विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट तिथूनच पाठवायची व्यवस्था करा, इथून पाठपुरावा करताना नाकी नऊ येतात. आरटीओकडून लायसन किती वर्षांचं आहे त्याचं पत्र घ्या. ड्रायव्हिंग टेस्टला लवकर बसता येतं, आणि कारखान्यांच्या भागात रात्री बस नसते. जुन्या साहेबांचे ईमेल घ्या. लोणच्याची बरणी राहिली तरी चालेल.

क्यूए (क्वालिटी) टेक्निशियन, दुपारची पाळी, तासाला सोळा डॉलर. पुण्यातल्या माझ्या हाताखालच्या मुलाचं जे काम, ते. दुसऱ्याच आठवड्यात शनिवारी ओव्हरटाइमला बोलावलं. पार्किंग खच्चून भरलेलं होतं. मी त्यातून वाट काढत आत गेले, बसस्टॉपवरून चालत.