डिस्क ब्रेक कमी लागतोय? नवीन पॅड टाकायच्या आधी हे बघा

मागच्या पावसाळ्यात सिंहगडावरून उतरत होतो, मागे आई बसलेली, आणि अर्ध्या घाटात पुढच्या ब्रेकचा लिव्हर एकदम मऊ पडला, दाबला की सरळ ग्रिपला टेकायला लागला. पहिला गिअर आणि मागचा ब्रेक यावर कशीबशी गाडी कडेला घेतली. पंधरा मिनिटं थांबलो तर लिव्हर परत कडक! पॅड तर दोनच महिन्यांपूर्वी टाकलेले, कारण निघालं ब्रेक ऑइल, 4 वर्षं बदललंच नव्हतं.

हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 4 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) नवीन असताना किमान 230 डिग्री सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तेच 155 च्या आसपास येतं, डॉट 3 चं तर 205 वरून 140. घाटात डिस्क तापते, ती उष्णता कॅलिपरमधून, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातून, ऑइलला लागते आणि वाफ झाली की संपलं, कारण ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर पोकळ लागतो. गार झालं की सगळं ठीक वाटतं आणि आपण विसरून जातो. म्हणून दर 2 वर्षांनी बदलाच, ब्रेकच्या पाइपमधली हवा नीट काढून घ्या. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या काचेत बघा, नवीन ऑइल फिकट पिवळं असतं, कोऱ्या चहासारखं दिसायला लागलं की गेलं. लेव्हल खाली गेली म्हणून नुसतं वरून ओतू नका, बहुतेक वेळा पॅड झिजलेले असतात नाहीतर कुठेतरी गळती असते. आणि डबीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच टाका, डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

घाटात ब्रेक सतत धरून ठेवू नका, खालच्या गिअरवर उतरा, लागेल तेव्हा नीट दाबा आणि सोडा. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे लोक बघितले की पोटात गोळा येतो, इंजिनाचा ब्रेकच जातो ना तिथे.

लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर भानगड पॅड किंवा डिस्कची. चेनला स्प्रे मारताना तो मागच्या डिस्कवर उडतो, हे फार होतं, मी तरी आता आधी डिस्कवर फडकं टाकतो. डिस्क ‘ब्रेक क्लीनर’ने पुसा, पण पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॉलिश पेपर घासत बसू नका, नवेच घ्या. एक पॅड जास्त झिजलाय आणि दुसरा जाड, म्हणजे बहुतेक कॅलिपरची पिन जाम, ती साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. ब्रेक दाबताना लिव्हर बोटाखाली थरथरतो तर डिस्क वाकडी झालीय का बघा, आणि डिस्कवरच कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या खाली गेली तर बदला.

नवीन पॅड पहिले 200-300 किमी पूर्ण धरत नाहीत, तोवर पुढच्या गाडीपासून जरा लांब राहा. गाडी धुतल्यावर किंवा पावसात बाहेर पडलात तर गल्लीतच दोन-तीनदा हलका ब्रेक मारून डिस्क कोरडी करा, मग मेन रोडला लागा.