करवंदाची जेली: काळी खा, जेलीला अर्धीकच्ची घ्या

मे महिना आला की घाटात जागोजागी बायका आणि पोरं पानांचे द्रोण घेऊन बसलेली असतात, "डोंगरची काळी मैना" ऐकलं की गाडी आपोआप बाजूला लागते आणि घरी पोचेपर्यंत अर्धे द्रोण रिकामे, सगळ्यांचे ओठ चिकट. उरलेल्या करवंदांची जेली करू म्हणून मी पहिल्यांदा जो उद्योग केला तो सपशेल फसला. दोन किलो करवंदं, एकूण एक काळीभोर, पिकलेली, गोड, वर रस गाळताना फडकं पिळून पिळून शेवटचा थेंब काढलेला, आणि एवढं करून हातात काय तर गढूळ जांभळं सरबत. चार बाटल्या. जुलैपर्यंत पाण्यात घालून पीत होतो. आत्याला फोन केला तर ती हसायलाच लागली, म्हणाली अगं काळी खायची असतात, जेली हिरव्या-लालची करतात!

तर सगळी गोम इथेच आहे. जेली घट्ट होते ती पेक्टिनमुळे, आणि कच्च्या फळात पेक्टिन भरपूर असतं, फळ पिकून मऊ पडायला लागलं की ते तुटत जातं. आंबटपणाचंही तसंच, पिकलं की कमी. पेक्टिन, आंबट आणि साखर या तिघांचं जमलं तरच जेली उभी राहते. कच्च्या करवंदात पहिल्या दोन गोष्टी देवानेच घालून दिल्यात, त्यामुळे बाजारातली पेक्टिनची पावडर, जिलेटिन, चायना ग्रास असलं काहीही आणायची गरज नाही. मी आता पाऊण किलो हिरवी-गुलाबी-लाल घेते आणि पाव किलो काळी, ती फक्त रंगासाठी. नुसत्या हिरव्याची पण छान लागते पण रंग फिका येतो, काळी पडली की मस्त माणकासारखा लाल.

कच्ची करवंदं द्रोणवाल्या बायकांकडे सहसा नसतात, त्यांना आधी सांगून ठेवावं लागतं नाहीतर एप्रिलमध्येच स्वतः जाळीत शिरायचं. काटे जबरदस्त असतात, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर लगेच तोडू नका, फळं पाणचट होतात. आणि जे झुडूप ओळखता येत नाही त्याच्या फळाला हात लावू नका, कितीही करवंदासारखं दिसलं तरी, गावातलं कुणी बरोबर असलं तर उत्तम. पोरं बरोबर असली तर काळ्या करवंदांचा हिशोब सोडून द्या. कोंबडा की कोंबडी खेळत (आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी) निम्मी तिथेच संपतात.

आता चीक. कच्चं करवंद देठातून तोडलं की पांढरा चीक येतो आणि तो बोटांना, सुरीला, पातेल्याच्या काठाला असा काही बसतो की साबणाला दाद देत नाही. आधी हाताला खोबरेल तेल चोळून घ्या. देठं काढून करवंदं मिठाच्या पाण्यात तासभर टाकून ठेवा, बराच चीक त्यात उतरतो, मग दोन-तीन पाण्यांनी धुवा. नंतर पातेल्याला चिकट कडं राहिलंच तर तेलाच्या बोळ्याने पुसायचं, घासत बसू नका.

भांडं स्टीलचं, जाड बुडाचं आणि पसरट. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ अजिबात नको, एवढ्या आंबट रसात ते उतरतं. एक किलो करवंदं जरा ठेचून घ्यायची, वर बुडतील एवढंच पाणी, साधारण सव्वा लिटर, आणि मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्यायची. मऊ झाली की डावेने दाबायची पण मिक्सरला लावायची नाहीत, बिया फुटल्या तर कडू होईल आणि रस गढूळ होईल तो वेगळाच.

मग गाळणं. जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा ओला करून घट्ट पिळून घ्या, त्यात सगळं ओता, पुरचुंडी बांधा आणि नळाला किंवा खुंटीला टांगून खाली पातेलं ठेवा. रात्रभर. आणि पिळायचं नाही! मला माहितीये हात शिवशिवतात, सकाळी पुरचुंडी अजून जड दिसते, वाटतं यात अजून वाटीभर रस आहे. असेल. पण पिळलात की गर खाली येतो आणि जेली धुरकट होते, काचेसारखी आरपार दिसत नाही. चवीला काही फरक पडत नाही म्हणा, स्वतःच्या घरीच खायची असेल तर पिळा, पण मग कुणाला बाटली भेट देताना कारणं सांगत बसू नका.

रस एक लिटरच्या आसपास निघतो. साखर किती घालायची ते रसात पेक्टिन किती आहे त्यावर. एका छोट्या वाटीत एक चमचा थंड रस आणि तीन चमचे सर्जिकल स्पिरिट घालून हलकेच फिरवा आणि दोन मिनिटं थांबा. एकच मोठी घट्ट गुठळी झाली तर एक वाटी रसाला एक वाटी साखर. तुटक तुटक गुठळ्या झाल्या तर पाऊण वाटी. नुसती बारीक कणी दिसली तर रस आधी तसाच थोडा आटवून घ्या आणि परत बघा. हे गॅसपासून लांब करायचं आणि ती वाटी लगेच फेकून द्यायची, चाखायची नाही, पोरांच्या हाती तर मुळीच लागू द्यायची नाही.

एका वेळी चार वाट्यांपेक्षा जास्त रस घेऊ नका. जास्त घेतला की आटायला वेळ लागतो आणि साखर पडल्यावर फार वेळ उकळत राहिलं तर पेक्टिनच तुटतं, मग हलवत बसा. रस उकळला की साखर घाला, मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या, कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने खाली घ्या (हेच दाणे पुढे जेलीत कचकच करतात) आणि मग गॅस मोठा. आता ढवळायचं नाही, वर येणारा फेस तेवढा काढत राहायचा. पातेलं खोल असू दे, कारण हे दुधासारखं सरसर वर येतं.

झाली कधी हे ओळखणं हीच खरी परीक्षा. माझ्याकडे आता थर्मामीटर आहे, पण त्यातही गंमत आहे. सगळीकडे लिहिलेलं असतं १०५ अंशाला उतरवा. ते समुद्रसपाटीचं. रत्नागिरीत, मुंबईत ठीक आहे, पुण्यात पाणीच साधारण ९८ ला उकळतं आणि महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच, तिथे १०५ ची वाट बघत बसलात तर जेली नाही, गोळीचा पाक होईल. म्हणून आधी साधं पाणी उकळून त्यात थर्मामीटर बुडवा, जो आकडा येईल त्यात साडेचार-पाच अंश मिळवा, तिथे उतरवा. थर्मामीटर नसेल तर आत्याची पद्धत: लाकडी उलथनं बुडवून आडवं धरायचं. सुरुवातीला पाण्यासारखे थेंब टपटपतात, मग सावकाश पडायला लागतात, मग दोन थेंब कडेला येतात, थबकतात, एकमेकांत मिसळतात आणि छोटा पडदा होऊन एकदम सुटतात. तो पडदा दिसला की त्याच क्षणी गॅस बंद. खात्री नसेल तर फ्रीजरमधल्या गार बशीवर थेंब टाकून मिनिटाने बोटाने ढकला, सुरकुती पडली तर झाली. तपासताना मात्र गॅस बंद ठेवा, नाहीतर तुम्ही बशीकडे बघेपर्यंत पुढे निघून जाते.

बरण्या आधीच दहा मिनिटं पाण्यात उकळून गरम ठेवलेल्या असाव्यात, थंड काचेत उकळती जेली ओतली की तडा गेलाच समजा. वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडून भरा, झाकण लावा आणि हलवू नका. तिरकी करून करून बघायची सवय घरात सगळ्यांनाच असते, लपवून ठेवा सरळ. चार छोट्या बरण्या होतात. दुसऱ्या दिवशीपर्यंत सेट झाली नाही तरी घाबरू नका, अजून एक दिवस द्या. तरीही पातळच असेल तर एका लिंबाचा रस घालून परत पडदा येईपर्यंत उकळा, बहुतेक वेळा जमते. रबरासारखी झाली असेल तर मात्र जास्त आटलीये, गरम पोळीवर लावून खा, त्याला इलाज नाही. बरणी उघडली की फ्रीजमध्ये, चमचा कोरडा.

हीच रीत पेरूला आणि अंबाडीच्या लाल बोंडांना पण चालते, पेरूत लिंबू पिळावं लागतं एवढंच. आणि हो, केकवरची ती भडक लाल चेरी म्हणजे बरेचदा बिया काढून पाकात रंगवलेलं करवंदच असतं, हे कळल्यापासून माझ्या मुलाने चेरीला कोंबडा म्हणायला सुरुवात केलीये.

पुरचुंडीतला चोथा टाकू नका. स्टीलच्या चाळणीवर घासून बिया काढा, गराच्या निम्मा गूळ, मीठ, लाल तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून घट्ट होईपर्यंत परता आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. भाकरीबरोबर खा. आमच्याकडे ही चटणी आठवड्यात संपते आणि जेली दिवाळीपर्यंत पुरते.